लेखणीवर चाललेलं घर

1974 च्या जुलै महिन्यात जॉर्जेट हेअर गेल्या. लंडनच्या वर्तमानपत्रांत मृत्युलेख आले, तेव्हा कुठे त्यांच्या वाचकांना कळलं की बाईंचं लग्नानंतरचं नाव मिसेस रूजिए होतं. 1921 पासून त्या लिहीत होत्या, पन्नासहून अधिक पुस्तकं त्यांच्या नावावर होती. त्यांची नवी कादंबरी कधी येते याची वाट बघणारी घरंच्या घरं इंग्लंडमध्ये होती. तरी नवरा कोण, मूलबाळ किती, बाई राहतात कुठे, यातलं काहीही या वाचकांना ठाऊक नव्हतं. बाईंनी ते कळू दिलं नव्हतं. मुलाखत त्यांनी दिली नाही, पुस्तकाच्या प्रचारासाठी कुठे गेल्या नाहीत, आणि आत्मचरित्राचं तर नावही काढलं नाही.

आपल्याकडे ना. सी. फडक्यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘माझे जीवन : एक कादंबरी’ असं नाव दिलं. प्रेमकथा लिहिणाऱ्याचं आयुष्यही तसंच रंगलेलं असणार, ही वाचकाची अपेक्षा त्या नावातच पुरी होते. हेअरबाईंचा स्वभाव याच्या नेमका उलटा. मग अशा बाईंचं आयुष्य आणि त्यांच्या आठवणी मराठीत कशासाठी आणायच्या, हा प्रश्न हे पुस्तक हातात घेणाऱ्याला पडेल. माझं उत्तर सरळ आहे. प्रेमकथा लिहिणारी बाई म्हणजे खिडकीशी बसून स्वप्नं रंगवणारी बाई, अशी एक समजूत आपल्या मनात पक्की बसलेली आहे. हेअरबाईंचं आयुष्य जवळून पाहिलं की ती टिकत नाही. या बाईंनी जवळजवळ पन्नास वर्षं लेखणीवर घर चालवलं. त्यांच्या कादंबऱ्यांतलं प्रेम खरं वाटतं, ते त्या घरामुळे.

त्यांचा जन्म 16 ऑगस्ट 1902 चा, लंडनजवळच्या विंबल्डनमधला. वडिलांचं नाव जॉर्ज, त्यावरून मुलगी जॉर्जेट. आजोबा रशियातून इंग्लंडला आलेले. वडील शिक्षक, भाषांचे व्यासंगी. फ्रेंच कवी व्हियों याच्या कवितांचा इंग्रजी अनुवाद त्यांनी केला होता. आई चेलो आणि पियानो उत्तम वाजवायची, रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकलेली. घरात पुस्तकं भरपूर, आणि मुलीने अमुक वाचू नये असं वडिलांनी कधी म्हटलं नाही. तिच्या मागचे दोन भाऊ, बोरिस आणि फ्रँक. यातल्या बोरिसला रक्त न गोठण्याचा आजार होता.

जॉर्जेट सतरा वर्षांची असताना बोरिस बराच आजारी पडला. हवापालटासाठी कुटुंब हेस्टिंग्जला, समुद्रकाठी गेलं. अंथरुणाला खिळलेल्या भावाचा वेळ जावा म्हणून तिने त्याला एक गोष्ट सांगायला घेतली. अठराव्या शतकातला एक उमराव, धाकट्या भावाने केलेल्या लबाडीचा आळ स्वतःवर घेऊन घर सोडतो आणि वाटमारी करू लागतो. रोज थोडी थोडी गोष्ट पुढे जायची. ती वडिलांच्या कानावर पडली. पोरीचा खेळ म्हणून त्यांनी सोडून दिली नाही. नीट लिहून काढ, छापायला देऊ, म्हणाले. 1921 मध्ये ती ‘द ब्लॅक मॉथ’ या नावाने छापून आली. लेखिका एकोणीस वर्षांची होती.

या पहिल्या गोष्टीपाशी थोडं थांबायला हवं. तिच्या मुळाशी प्रियकर नाही, आजारी भाऊ आहे. कथानकातही भावासाठी सोसलेला कलंक आहे, प्रेमप्रकरण त्याच्या मागून येतं. हेअरबाईंच्या पुढच्या कादंबऱ्यांत भावंडं फार जिवंत उतरली आहेत. कर्ज करून बसलेला धाकटा भाऊ, त्याला सावरणारी बहीण, घरात कुत्री आणि पोरं यांचा गोंधळ, आणि या सगळ्यातून वाट काढत कशीबशी पुढे सरकणारी प्रेमकथा. समीक्षक याला त्यांचं विनोदाचं अंग म्हणतात. मला त्यात त्यांचं माहेर दिसतं.

मग 1925 साल आलं. त्या वर्षीच्या वसंतात जॉर्जेटचं लग्न रोनाल्ड रूजिए या तरुणाशी ठरलं. 1920 च्या नाताळात दोघांची ओळख झाली होती. तो खाणकामाचा इंजिनिअर होत होता आणि नाचाच्या समारंभांना तिचा जोडीदार असायचा. साखरपुड्याला महिनाही झाला नसेल, तोच वडील हृदयविकाराने अचानक गेले. मागे पेन्शन नाही. बोरिस एकोणीस वर्षांचा, फ्रँक चौदा. घराचा भार या बावीस वर्षांच्या मुलीवर आला. दोनच महिन्यांनी, 18 ऑगस्टला, अगदी साधेपणाने लग्न झालं. गोष्ट लिहून काढ म्हणणारा आणि त्या मुलीचा पहिला वाचक असलेला माणूस त्या लग्नाला नव्हता. या दुःखाबद्दल बाईंनी जाहीरपणे एक अक्षर लिहिलं नाही.

मात्र 1928 मध्ये ‘हेलन’ नावाची त्यांची एक कादंबरी आली. समकालीन इंग्लंडमधली कथा. आईविना, बापाच्या छायेत वाढलेली मुलगी, दोघांमधला दाट स्नेह, बापाचा मृत्यू आणि त्यानंतर तिच्या आयुष्याची झालेली पडझड. बाईंच्या लेखनात आत्मचरित्राच्या सर्वांत जवळ जाणारं काही असेल तर ते हेच, असं अभ्यासक मानतात. 1923 ते 1930 या काळात त्यांनी अशा चार समकालीन कादंबऱ्या लिहिल्या, आणि पुढे चारही दडपून टाकल्या. पुन्हा छापू दिल्या नाहीत. लेखनाच्या दृष्टीने त्या कच्च्या होत्या हे एक कारण असेल. पण मला वाटतं, स्वतःचं दुःख इतकं उघडं दिसावं हे त्यांना नंतर सोसलं नाही. पुढे ते सगळं त्यांनी शंभर-सव्वाशे वर्षं मागे, दुसऱ्यांच्या अंगरख्यात नेलं.

प्रसिद्धीपासून दूर राहण्याला एक व्यावहारिक कारणही मिळालं. 1926 मध्ये ‘दीज ओल्ड शेड्स’ बाजारात आली तीच ब्रिटनमधल्या सार्वत्रिक संपाच्या धामधुमीत. वर्तमानपत्रं निघत नव्हती, म्हणजे जाहिरात नाही, परीक्षणं नाहीत. तरी पुस्तकाच्या 1,90,000 प्रती खपल्या. पुस्तक चांगलं असेल तर लेखकाने दारोदार फिरायची गरज नाही, हा धडा बाईंनी घेतला आणि आयुष्यभर सोडला नाही.

लग्नानंतर रोनाल्डची नोकरी त्याला आधी कॉकेससला आणि मग पूर्व आफ्रिकेत घेऊन गेली. बाई त्याच्यामागे टांगानिकाला, म्हणजे आजच्या टांझानियात, गेल्या. जंगलात हत्तीगवताने शाकारलेली झोपडी हे त्यांचं घर. तिथे बसून त्यांनी ‘द मास्करेडर्स’ लिहिली. 1745 च्या बंडानंतरचं लंडन, भाऊ बहिणीच्या वेषात आणि बहीण भावाच्या, पत्त्यांचे डाव, तलवारी, रात्रीच्या मेजवान्या. संदर्भाची सगळी पुस्तकं हाताशी नाहीत. अभ्यासकांनी नंतर ही कादंबरी बारकाईने तपासली, तेव्हा कालविपर्यासाची एकच चूक सापडली : लंडनचा व्हाइट्स क्लब त्यांनी एक वर्ष आधी उघडलेला दाखवला होता. आफ्रिकेतल्या रानात, कंदिलाच्या उजेडात, मुख्यतः डोक्यात साठवलेल्या माहितीवर लिहिलेल्या कादंबरीत एका वर्षाची एक चूक. या बाईंच्या स्मरणशक्तीबद्दल आणि शिस्तीबद्दल आणखी काही सांगायला नको.

1928 मध्ये दोघं मॅसेडोनियात गेली. तिथल्या एका दंतवैद्याने भूल चुकीची दिली आणि बाई मरता मरता वाचल्या. मूल व्हायचं असेल तर आधी इंग्लंडला परत जायचं, हे त्यांनी तेव्हा ठरवलं. परतल्यावर रोनाल्डने खाणीची नोकरी सोडली, एका धंद्यात हात घातला, तो बसला. मग बाईंच्या मावश्या-आत्यांकडून पैसे उसने घेऊन हॉर्शम गावी खेळाच्या सामानाचं दुकान घेतलं. बोरिस त्या दुकानाच्या माडीवर राहायचा आणि मदत करायचा. दुकान चालायचं, पण घर चालायचं ते बाईंच्या पुस्तकांवर. 1932 मध्ये मुलगा झाला, रिचर्ड. त्याच वर्षी त्यांची पहिली रहस्यकथा आली. पुढे कित्येक वर्षं हाच शिरस्ता राहिला : वर्षाला एक प्रेमकथा, एक रहस्यकथा.

या रहस्यकथांची घडण मला फार आवडते. खून कोणी, कसा केला, हे रोनाल्ड ठरवायचा. पात्रांना तो नुसती अ, ब अशी अक्षरं द्यायचा. त्या अ आणि ब ला रंग-रूप, स्वभाव, नातीगोती, तोंडची भाषा द्यायचं काम बायकोचं. एका कादंबरीतल्या खुनाची यांत्रिक करामत तर बाईंना स्वतःलाच नीट उमगली नव्हती, म्हणतात. जेवणं आटोपल्यावर नवरा-बायको मेजाशी बसून एखाद्याला ठार कसं करायचं याचा खल करताहेत, शेजारच्या खोलीत लहान मूल झोपलं आहे. संसार असाही असतो. आणि या संसाराने तीस-पस्तिशीतल्या नवऱ्याला पुन्हा विद्यार्थी होऊ दिलं. रोनाल्डला वकील व्हायचं होतं. त्याने दुकान विकलं, कायद्याचा अभ्यास केला, आणि 1939 मध्ये तो बॅरिस्टर झाला. अभ्यासाची ती सगळी वर्षं बायकोच्या पुस्तकांनी पेलली. पुढे मुलगाही वकील झाला आणि उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदापर्यंत पोचला. आमच्या घरासाठी मी काय काय केलं, असं बाईंनी कुठे लिहून ठेवलेलं नाही. ते शोधावं लागलं. जेन एकन हॉज यांचं 1984 चं चरित्र आणि जेनिफर क्लोस्टर यांचं 2011 चं, ही दोन पुस्तकं नसती तर आपल्या हाती आज फार थोडं असतं. आपल्या एजंटला आणि प्रकाशकाला बाई लांबलचक, फटकळ, मनमोकळी पत्रं लिहायच्या. त्यांचा खरा आवाज तिथे ऐकू येतो.

पैसा हा त्या पत्रांतला सततचा विषय आहे. महायुद्धात कागदाची टंचाई आली, खप घसरला. बाई प्रकाशकासाठी दोन-दोन गिनींवर हस्तलिखितं वाचून अभिप्राय देत होत्या. गरजेपोटी त्यांनी ‘दीज ओल्ड शेड्स’, ‘डेव्हिल्स कब’ आणि ‘रीजन्सी बक’ या तीन पुस्तकांचे हक्क हाइनमन या प्रकाशनसंस्थेला 750 पौंडांना कायमचे विकले. काही काळाने तिथले त्यांचे स्नेही फ्रिअर यांनी तेवढ्याच रकमेत हक्क परत देऊ केले. ती पुस्तकं पुढे कित्येक वर्षं खपत राहणार होती, आणि तसा अंदाज बाईंनाही असणार. त्यांनी नकार दिला. एकदा शब्द दिला तो दिला. त्यांच्या कादंबऱ्यांतले उमराव असे वागतात तेव्हा हल्लीच्या वाचकाला ते पुस्तकी वाटतं. त्यांना घडवणारी बाई मात्र पैशाची चणचण असताना तशीच वागली होती.

युद्ध संपलं, नाव वाढलं, आणि प्राप्तिकर मागे लागला. कर भरण्यासाठी नवी कादंबरी, त्या कादंबरीच्या उत्पन्नावर पुन्हा कर. बाईंची खरी ओढ मध्ययुगाकडे होती. पाचव्या हेन्रीचा भाऊ, बेडफर्डचा ड्यूक जॉन, याच्यावर त्यांना मोठी कादंबरीमाला लिहायची होती. आपलं खरं काम हेच, असं त्या मानत. लिहायला बसावं तर कराचा कागद यावा. तो भागवायला पुन्हा रीजन्सीची, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्लंडमधली, प्रेमकथा. असं वर्षानुवर्षं चाललं. त्या मालेचा पहिलाच भाग, तोही अपुरा, ‘माय लॉर्ड जॉन’ या नावाने त्यांच्या मृत्यूनंतर 1975 मध्ये निघाला. लोकांनी ज्या पुस्तकांवर जीव टाकला ती त्यांनी गरजेपोटी लिहिली, आणि ज्याच्यावर त्यांचा जीव होता ते राहून गेलं, हे वाचताना मन खट्टू होतं.

गरजेपोटी लिहिलं म्हणजे उरकलं, असं मात्र कोणी समजू नये. त्यांच्या घरी इतिहासाच्या संदर्भग्रंथांचे हजारावर खंड होते. टिपणं विषयवार लावलेली : पोशाख, टोप्या, रंग, घरखर्च, बाजारभाव, दुकानं. अमुक साली मेणबत्त्या काय दराने मिळत, हे त्यांच्या वहीत सापडायचं. 1937 च्या ‘अॅन इन्फेमस आर्मी’ या कादंबरीतली वॉटर्लूची लढाई इतकी चोख आहे की सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत ती वाचायला सुचवली जाई, असं सांगतात. वेलिंग्टनच्या तोंडची भाषा हुबेहूब साधावी म्हणून त्यांनी त्याच्या हातचं एक पत्र विकत घेतलं होतं. हा वेलिंग्टन आपल्याला परका नाही. 23 सप्टेंबर 1803 रोजी आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढलेला आर्थर वेलस्ली तो हाच. रणांगणावरची आपली सर्वांत मोठी कामगिरी कोणती, असं पुढे विचारलं तेव्हा त्याने वॉटर्लूचं नाही, असईचं नाव घेतलं, असं म्हणतात. हेअरबाईंचे नायक अधूनमधून हिंदुस्थानात पैसा करून परत येतात, 1966 च्या ‘ब्लॅक शीप’चा नायक तसाच. तो पैसा कुठून आला हे मात्र बाई विचारत नाहीत, आणि मराठी वाचकाने ते विचारायलाच हवं.

त्यांच्या मर्यादा झाकून या पुस्तकाची ओळख करून देणं मला पटणार नाही. खानदान आणि रक्त यांवरचा त्यांचा विश्वास आज खटकतो. 1950 च्या ‘द ग्रँड सोफी’मधला ज्यू सावकाराचा प्रसंग वाचताना तर चीड येते, युद्ध संपून, ज्यूंचा तो संहार जगाला कळून पाच वर्षं झाल्यावर हे पान लिहिलेलं आहे. माझ्या आवडत्या लेखिकेने ते लिहिलं याचा मला मनापासून विषाद वाटतो. ते पान तिथे आहे, आणि ते तसंच समोर ठेवून त्यांना वाचावं लागतं.

पुण्या-मुंबईच्या सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांत त्यांच्या कादंबऱ्या वर्षानुवर्षं फिरत होत्या. फोर्टच्या फुटपाथवर पॅन प्रकाशनाच्या जुन्या आवृत्त्या मिळायच्या, मुखपृष्ठावर घोडागाडी आणि उंच कमरेचा झगा घातलेली तरुणी. कॉलेजातल्या मुली त्या हातोहात वाचायच्या आणि अभ्यासाच्या पुस्तकाखाली झाकायच्या, कारण प्रेमकथा म्हणजे फावल्या वेळचं वाचन, त्यावर बोलायचं नसतं, असं सगळ्यांनीच मानलं होतं. ती भीड आता सोडायला हरकत नाही.

वाचकांच्या पत्रांना बाई फारशा भुलत नसत. एक पत्र मात्र त्यांनी जपून ठेवलं होतं. ते रुमानियातून, राजकीय कैदी असलेल्या एका बाईकडून आलं होतं. बारा वर्षांच्या तुरुंगवासात त्या बाईने ‘फ्रायडेज चाइल्ड’ या कादंबरीची गोष्ट आठवून आठवून सोबतच्या कैदी बायकांना पुन्हा पुन्हा सांगितली, आणि त्यावर सगळ्यांनी मनाचा तोल सांभाळला. कादंबरीत काय आहे? एक खुशालचेंडू तरुण उमराव, आणि त्याने हट्टाने लग्न करून आणलेली भाबडी पोर. दोघंही संसारात चुका करत, भांडत, हळूहळू शहाणी होतात. कोठडीत अंधाऱ्या रात्री ती गोष्ट कामी आली. समीक्षकांनी बाईंना फार कधी मनावर घेतलं नाही, त्याची भरपाई या एका पत्राने झाली असेल, असं मला वाटत राहतं.

1942 ते 1966 बाई आणि रोनाल्ड लंडनच्या पिकॅडिलीतल्या ऑल्बनी या जुन्या इमारतीत राहिले. तिथे पूर्वी बायरन आणि मेकॉले राहून गेले होते. उत्तरायुष्यात तब्येत ढासळली. सिगारेट त्यांनी आयुष्यभर अतोनात ओढली आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाने त्या 4 जुलै 1974 रोजी गेल्या. रोनाल्ड दोन वर्षांनी.

हे पुस्तक वाचताना सोबत त्यांची एखादी कादंबरी हाताशी असावी. अनेकांना ‘व्हेनिशिया’ किंवा ‘कॉटिलियन’ सुचवावीशी वाटेल. मी 1961 ची ‘अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट’ सुचवेन. कर्जात बुडालेला ॲडम हा तरुण उमराव वडिलोपार्जित वाडा वाचवण्यासाठी श्रीमंत व्यापाऱ्याच्या, दिसायला साध्या मुलीशी, जेनीशी, लग्न करतो. त्याचं मन दुसऱ्या, देखण्या मुलीत आहे, आणि हे जेनीला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. ती रुसत नाही, झुरत नाही. त्याला काय खायला आवडतं ते ती लक्षात ठेवते, वाड्याची घडी बसवते, आपल्या मोठ्या आवाजाच्या बापाला त्याच्यासमोर आवरते. शेवटी त्या दोघांत जे उरतं त्याला भरतीचं प्रेम म्हणता येणार नाही, पण ते दोघंही एकमेकांवाचून राहू शकत नाहीत. कादंबरीतली हिशेबाची पानं अजिबात गाळू नयेत. वॉटर्लूच्या सुमारास सरकारी रोख्यांचे भाव कोसळतात आणि ॲडम आपलं सगळं त्यात लावतो. पौंड, शिलिंग, भाव, धोका, सगळं इतकं नेमकं दुसऱ्या कोणत्या प्रेमकथेत मी वाचलेलं नाही.